उपयोग अज्ञात

गाडी गॅरेजात. तीन तास लागतील, म्हणाला मेकॅनिक.
कॉनवीत ऊन नाही, काही नाही,
नुसता खाडीकडून येणारा शिंपल्यांचा वास.
म्हणून वेशीतून आत शिरले, आणि
तटाला पाठ लावून बसलेल्या त्या दोन खोल्या दिसल्या.
पूर्वी मिठाचं गोदाम, आता संग्रहालय.
तिकीट तीन पौंड. सुट्टे असतील तर बरं.

टेबलाशी एलुनेड. सत्तरीपार,
कार्डिगनच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा,
हीटर पायांशी ओढून घेतलेला, कुत्र्यासारखा.
"सावकाश बघा," म्हणाली, "आज तुम्हीच पहिल्या."
तेव्हा दोन वाजून गेले होते.

सावकाशच बघितलं.
एक कौल, ओलं असताना वरून मांजर चालत गेलेलं.
चार पावलं. पाचवं कौलाबाहेर पडलं असणार.
अर्धी फणी.
हाडाचा फासा, लबाड, सहा दोनदा कोरलेला.
जबड्याचा तुकडा, दाढा झिजून सपाट:
पिठात जात्याची कचकच, रोज, जन्मभर.
मी दातांच्या दवाखान्यात काम करते,
ते लेबल वाचावं लागलं नाही.

मग खालच्या कप्प्यात,
काचेला नाक लावल्याशिवाय दिसू नये अशी
हाडाची चपटी पट्टी, बोटभर,
टोकाला भोक, कडा हाताळून गुळगुळीत.
खाली टाइप केलेलं:
उपयोग अज्ञात. कदाचित धार्मिक.

हसले मी. मोठ्यानं.
एलुनेड उठून आली.
आता हिला कसं सांगू,
आमच्या घरी खिळ्याला एक हिरवा टूथब्रश होता,
केस झडलेला, दांड्याला भोक,
ज्यानं कुणी कधीच दात घासले नाहीत.
परकराची नाडी, लेंग्याची नाडी,
शाळेला उशीर होत असताना
नेफ्यात हरवलेलं नाडीचं टोक.
आख्ख्या आळीत तो एकच, आणि मागायला येईल त्याला
आई बजावायची: ताट-वाटी राहू दे, हा परत आण.

स्वेटरची कड दुमडून दाखवलं. नेफा. नाडी. ओढायचं.
एलुनेडनं चष्मा पुसला. "अरे देवा,
सत्तर सालापासून आम्ही हे पुजाऱ्याचं समजतोय."

मग चहा, तिकिटात नसलेला.
खिडकीत फक्त तट, हात लांब केला तर लागेल इतका.
"हा इंग्रजांनी बांधला," ती म्हणाली, "आम्हाला बाहेर ठेवायला.
दिवसा लोणी, कोंबड्या घेऊन या. अंधारलं की निघा.
माझी आजी सातशे वर्षांनंतरही म्हणायची,
आत मला झोप लागायची नाही."
आणि मग: "तुमच्याकडे काय म्हणतात,
गावाभोवतीच्या भिंतीला?"

गावकूस, म्हटलं.
तिनं म्हणून पाहिलं. चांगलं म्हटलं.

पुढचा शब्द मी सांगितला नाही,
जो त्याला चिकटूनच येतो,
जो पिनकोड यायच्या आधीपासून आमच्या पत्त्यात होता.
बिस्किट बुडवलं. तुटलं. चमच्यानं काढलं.
मग सांगितला.

ती काही बोलली नाही.
पायानं हीटर माझ्याकडे सरकवला.

"नाव?"
कुंदा गायसमुद्रे.
आडनाव कार्डाच्या ओळीत मावेना.
"असू दे," म्हणाली, "आमच्या स्टेशनांची नावं वाचा कधी."
जुन्या लेबलाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं,
आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत:
नाडी ओवायला. पाहायला आलेल्या एका बाईंच्या मते.
वरचं 'कदाचित' तिनं तसंच राहू दिलं.

चार वाजता ती कुलपाशी झटापट करत असताना
गॅरेजवाल्याचा फोन आला.
गाडी तयार आहे.
वेशीबाहेर लावलीय, आत जागा नव्हती.